दलसिंगमामाची पालनी

होळी जवळ आली की आमच्या काठी गावात माणसं अर्धी वेडी होतात, पण दलसिंगमामाने यंदा कहर केला. कॅन्सरची सुई घेणार नाही म्हणे! का? तर नवस बाटतो.

मामा दरवर्षी नवसाचा बुध्या होतो. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. नाचायला लागला की पोरं दमतात, हा नाही. त्याआधी पालनी धरायची. बायकोला शिवायचं नाही, खाटेवर टेकायचंसुद्धा नाही.

मागच्या पावसाळ्यात लघवी अडली म्हणून मी त्याला माझ्या जीपमधून नंदुरबारला नेलं, तर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, हा पुरुषी हार्मोनवर पोसतो, तोच बंद करू, दर तीन महिन्यांनी सुई. मग छताकडे बघत पुटपुटले, "इच्छा... जरा कमी होईल."

"कसली? जेवायची?" मामाने विचारलं. डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

कळायचं ते मामाला घरी कळलं. वर अंगातून वाफा निघायच्या, भर थंडीत उघडा बसायचा. पण दुखणं उतरलं, माणूस चालता झाला. आणखी काय पाहिजे?

मामाला पाहिजे होतं! पालनी सुरू झाली, सुईची तारीख आली आणि हा अडून बसला. "मनच होत नाही, तर आवरायचं काय? ही पालनी सुईने पाळली, मी नाही. देवाला फसवू?" सुई चुकवायची, मन परत आणायचं आणि मग ते मारायचं, असा बेत. सुई चुकली तर आजार उसळेल, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऐकतो कोण!

अंगणात पंच बसले. माझ्या मामाच्या इच्छेवर गावाची चर्चा, काय लाज सांगू! म्हातारा जालमसिंगबाबा गंभीरपणे म्हणाला, "सोडायला आधी काही पाहिजे ना." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दारातून भुरीमामी म्हणाली, "बाबा, तुम्ही सत्तरीचे. तुमचीही पालनी असते. तुम्हाला कोणती सुई दिली होती?"

मी तोंड फिरवून हसलो. माना थांबल्या.

मामी हसली नाही. "पालनी धरल्यापासून हा भुईवर झोपतो. हाडं ठणकतात, दातओठ आवळतो, पण खाटेवर येत नाही. उठताना कण्हतो आणि मला हात देता येत नाही, कारण शिवायचं नाही. हे देवाला कमी पडतं का? मला तर बघवत नाही." आणि ती सगळ्यांसमोर रडली.

मामा उठायला गेला, अर्ध्यातच थांबला. मामीचा हात आपसूक पुढे झाला आणि तिने तो मागे ओढला.

जालमसिंगबाबा उठला. त्याने मामाला काखेत हात घालून उभं केलं आणि माझ्यावर डाफरला, "बघतोस काय? गाडी काढ!"