काच नसलेली तसबीर

श्रीरामपूरला मी शाळेत चित्रकला शिकवीत असे आणि सुट्टीच्या दिवशी घरी तैलरंगात व्यक्तिचित्रे करीत असे. बहुतेक चित्रे मृतांची असत. लोक फोटो आणून देत आणि भिंतीवर लावण्यासाठी मोठे चित्र करून नेत. हौस म्हणून मी जलरंगात नदी, बाभळी, उसाचे फड रंगवी. ती चित्रे माझ्याकडेच राहत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी जवळच्या खेड्यातले एक जोडपे आले. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणात सासरी वारली होती. तिचा एकुलता एक फोटो लग्नातला; तो सासरचे देत नव्हते.

"मग मी चेहरा कशावरून काढू?" मी विचारले.

"मी सांगते की," आई म्हणाली. "माज्या पोटची हाय. मला ठावं न्हाई व्हय?"

अशा वेळी प्रथम जलरंगात कच्चे चित्र करावे. तो रंग लवकर वाळतो आणि दुरुस्ती लगेच दाखवता येते. बाई समोर बसत आणि एकही रेघ सहज मान्य करीत नसत.

"डोळं असं न्हाईत, मास्तर. ही तर मामलेदारीन दिसती!"

"आता?"

"आता लई गरीब झाली. माजी लेक तोंडाळ व्हती हो. बोलायच्या आदी हनुवटी वर करायची."

त्यांचे यजमान दाराशी बसून असत. त्यांना विचारले तर ते बायकोकडे बोट दाखवीत. पुसून पुसून कागदाचा पापुद्रा निघाला, तेव्हा कुठे बाईंच्या दुरुस्त्या संपल्या. मग कागद जवळ घेऊन म्हणाल्या, "हीच." त्यावरून मी कॅनव्हासवर तैलचित्र केले आणि फाटका कागद टाकून दिला.

नेताना मी दोघांना बजावले, की तैलरंगावर दुधावर साय धरावी तसा पापुद्रा येतो. वरून कोरडे दिसले तरी आत रंग ओला असतो, म्हणून हात लावू नये. त्यांनी माना डोलावल्या.

काही महिन्यांनी दोघे परत आले. चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळलेले होते. लेकीच्या वर्षश्राद्धाला आईने तिच्या कपाळी कुंकू लावले होते. त्यांच्या घरातल्या सगळ्या तसबिरींना काच. कुंकू काचेवर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसायचे. या चित्राला काच नव्हती. बोट रंगात रुतले आणि कुंकू पाण्याने निघेना, तेव्हा कोणीतरी रॉकेल सुचवले. रॉकेलच्या बोळ्याने भुवया गेल्या आणि दोन्ही डोळे वाहून गालांवर आले होते.

"माज्याच हातानं पुसली मी तिला," बाई म्हणाल्या.

मी खराब झालेला भाग सुरीने खरवडून काढला, कुंचला घेतला आणि विचारले, "बाई, डोळे कसे होते, पुन्हा सांगा."

"तुमी काडलं व्हतं तसं."

"माझे चित्र राहू द्या. लेकीचे सांगा. रागावली की कशी बघायची?"

त्यांनी डोळे मिटले. शेवटी त्या म्हणाल्या, "भिंतीवरचंच दिसतंय, मास्तर. दुसरं काय येतच न्हाई."

दाराशी बसलेले त्यांचे यजमान तेव्हा प्रथमच बोलले. "तिचा डावा डोळा बारीक व्हता. हसली की पार मिटायचा."

"काय तरीच!" बाई उसळल्या. "माजी लेक काय चकनी व्हती?"

"चकनी न्हाई गं. बारीक."

"मंग तवा का न्हाई बोललात?"

"तू 'हीच' म्हनलीस. तुजं समाधान झालं व्हतं."

मी पेन्सिलीने डावा डोळा किंचित बारीक करून दाखवला. वडील एकदम पुढे आले आणि कॅनव्हासजवळ उकिडवे बसले. बाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. "ही कोन? ही माजी न्हाई. मास्तर, पाया पडते, माजी मला द्या."

मी वडिलांकडे पाहिले. ते त्या पेन्सिलीच्या रेघेकडे पाहत होते. मग उठून म्हणाले, "तिला पायजे तसंच काडा."

मी ती रेघ खोडली आणि दोन्ही डोळे सारखे रंगवले. ते पुरे होईपर्यंत वडील बाहेर ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. निघताना चित्र त्यांनीच उचलले. ओला रंग कोणाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून, चित्रातला चेहरा बाहेरच्या बाजूला ठेवून, ते एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. बाई शेजारून चालत होत्या आणि वाकून वाकून चित्राकडे पाहत होत्या.