मोठी चाकं

मी पदवीधर झालो तो माझ्या मामांच्या पगारावर. रबर जळल्याचा वास आला की त्यांच्या मालकाच्या मुलाची मला अजून किळस येते. मामा सोलापुरात मालकांची अँबॅसिडर चालवायचे. मुलानं ऐटीसाठी तिला जाड, मोठी चाकं बसवली. एकदा तो, मामा आणि मी वळसंगहून कांद्याची पोती भरून येताना मागची चाकं मडगार्डला घासली, धूर निघाला. मामा म्हणाले, "मालक, दोन पोती उतरवू की." तो हसत म्हणाला, "पोती ऱ्हाऊ देत. तूच उतर, लई जड झालायस." हाडकुळे मामा "व्हय मालक" म्हणत उतरले. मीही उतरलो. तो गाडी घेऊन गेला आणि आम्ही भर उन्हात चालत निघालो. नोकरी लागताच मी पत्र टाकलं, "मामा, किल्ली मालकांना देऊन टाका आणि माझ्याकडं राहायला या."