लंगोटीवाल्याचा पिक्चर
उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मला पोहरादेवीच्या यात्रेतला सिनेमाचा तंबू आठवतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेती सोडून मी मानोऱ्याला नोकरी धरली होती आणि त्या रागाने वडील वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. यात्रेत त्या साली जंगलवीरांच्या जुन्या पिक्चरांची टवाळी करणारा एक विलायती पिक्चर लागला होता, फक्त मोठ्यांसाठी. ओळखीच्या कोणी पाहू नये म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी दिवेलागणीच्या खेळाला शिरलो. आत बहुतेक जण तसेच गुंडाळून बसले होते. पडद्यावर जेमतेम कपड्यांतली एक बाई नदीकाठी उभी होती. तिच्यावर छाप पाडायला लंगोटीवाला वीर आरोळी ठोकत वेलीला लोंबकळला, वेल तुटली आणि तो थेट चिखलात पडला; लंगोटी वर फांदीलाच अडकली. सगळा तंबू हसला. शेजारचा माणूस तर इतका हसला की त्याचा दुपट्टा सुटला. पाहतो तर वडील. माझंही तोंड तोवर उघडं पडलं होतं. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तुले सुट्टी हाय का आज?" मी म्हणालो, "हाय." "मंग बस. आता माकड ते लंगोटी घालते. मी काल पाह्यलं." पुढे कितीतरी वर्षं तो पिक्चर यात्रेत येत राहिला आणि तंबू दर वेळी भरत राहिला. यात्रा जवळ आली की वडील विचारायचे, "तो लंगोटीवाला येऊन राह्यला का यंदा?" शेतीचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. आता आठवू लागलो तर लक्षात येतं, शेवटपर्यंत आमचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक त्या पिक्चरबद्दलच होतं.