इडलीपात्रातला जाडा टॅपेट

गेल्या वर्षी माझ्याकडे एक क्लासिक गाडी होती. तिचं बॉनेट टार्निट या उपनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये होतं, सीट पाहुण्यांच्या खोलीत आणि इंजिन बायकोच्या इडलीपात्रात.

मी पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. (नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लाल अक्षरांत लिहायच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल!) गाडी विकली ती दोन घरं सोडून राहणाऱ्या केविनने. वय अठ्ठ्याहत्तर, सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात.

"इंजिन कधीच उघडलेलं नाही, मेट. फॅक्टरीतून आलं तसंच आहे," तो म्हणाला होता. "महिनाअखेरीस मी कायमचा मुलीकडे क्वीन्सलंडला चाललोय. त्याआधी एकदा तिचा आवाज ऐकव. बाकी काही नको."

"नो वरीज!" मी छातीठोकपणे म्हणालो.

इंजिन उघडलं. आठ सिलिंडर, सोळा टॅपेट. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे बुचाएवढे लोखंडी तुकडे. जो ज्या भोकातून निघाला, तो त्याच भोकात परत जायला हवा. मग क्रमाने ठेवायचे कशात? इडलीपात्रात! चार ताटल्या, प्रत्येकीला चार खळगे. आहे की नाही डोकं?

"माझं इडलीपात्र?" मृणाल किंचाळली.

"घासून देतो गं."

"आणि त्यातल्या इडल्या खाणार कोण? तुझा केविन?"

मी तिकडे दुर्लक्ष करून व्हर्निअरने मापं घ्यायला लागलो. पंधरा टॅपेट अगदी एका मापाचे. अकरावा जाडा! केसभरच, पण जाडा! माझं डोकं सणकलं. कधीच उघडलं नाही म्हणे! कोणीतरी उघडून भलताच माल कोंबला होता आणि म्हातारा तोंड वर करून 'फॅक्टरी, फॅक्टरी' करत होता!

"फसवलं! दिवसाढवळ्या फसवलं!"

मृणाल टॉर्च घेऊन वाकली. "अरे, इथे इंजिनच्या ब्लॉकवर शंकरपाळं कोरलंय बघ. काहीतरी खूण असेल."

"कोणाची तरी हातोडी निसटली असेल! तू शंकरपाळी तळ, इंजिन मी बघतो." (होय, हे वाक्य मीच बोललो. तिच्याकडे तारीखवार नोंद आहे.) वर ग्राइंडर फिरवून मी ते शंकरपाळं सपाट केलं आणि झकास निळा रंग मारला.

मग तणतणत केविनकडे गेलो आणि टॅपेट त्याच्या टेबलावर आपटला. "हा घ्या तुमचा ओरिजिनल माल!"

"तो फॅक्टरीचाच आहे, मेट."

"मला शिकवू नका! मी इंजिनिअर आहे!"

केविनने टॅपेट शर्टाच्या खिशात टाकला आणि माझ्यासाठी लावलेली किटली बंद केली. मी तसाच, चहा न घेता, घरी आलो.

नवा टॅपेट मागवून बसवला. जरा सैल वाटला, पण म्हटलं बसेल हळूहळू. इंजिन जोडून किल्ली फिरवली मात्र, टकटकटकटक! ऑइल प्रेशरचा काटा पार तळाला!

"बाबा, इज इट सपोज्ड टू डू दॅट?" लेकीने कानांवर हात ठेवून विचारलं.

मी टॅपेटला, दुकानदाराला आणि टार्निटच्या वाऱ्याला शिव्या घातल्या आणि दुकानात फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "ब्लॉकवर डायमंडची खूण होती का? कारखान्यात एखादं भोक चुकून मोठं पडलं, तर ते लोकच जाड टॅपेट घालायचे आणि ती खूण ठोकायचे. जुना जपून ठेवा हं, तसा आता मिळणार नाही."

फोन स्पीकरवर होता. मृणाल शेजारीच होती.

"शंकरपाळं," ती एवढंच म्हणाली.

केविनला जायला दोन दिवस उरले होते. त्याच्या घरात सगळीकडे खोकी होती. मला इतकी लाज वाटत होती की मी दारातूनच सॉरी म्हणालो. त्याने त्याच खिशातून टॅपेट काढला. पुसलेला, तेल लावलेला.

"ती खूण ठोकायचं काम माझंच होतं, मेट. चल, दाखव बघू."

गॅरेजमध्ये त्याने निळ्या रंगावरून बोट फिरवलं. "कुठेय?"

"ग्राइंडर... जरा जोरात होता," मी म्हणालो.

केविनने बाह्या सारल्या आणि दुपारभर खपून जाडा टॅपेट त्याच्या भोकात बसवला. किल्ली फिरवली. टकटक गायब! इंजिन असं भरदार घुमायला लागलं की भिंतीवर टांगलेले स्पॅनर थरथरले. केविनने डोळे मिटून घेतले. माझेही भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू?

इंजिन बंद करून तो घरी गेला आणि हातोडी आणि जुना ठसा घेऊन आला. एकच घाव. शंकरपाळं परत जागेवर!

"केविन," मृणाल म्हणाली, "जाण्याआधी एक याच्या कपाळावर पण ठोका. याचंही डोकं फॅक्टरीतूनच जाड आलंय."

मी संतापून तोंड उघडणार, तेवढ्यात केविनने गंभीरपणे माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि व्हर्निअर मागितला.

मी मुकाट्याने दिला.