वन्समोर

चार दिवस राहून आत्या निघाली. रिक्षात बसली आणि चष्मा राहिला म्हणून परत आली.

तरुणपणी ती संगीत नाटकांत गायची. सगळ्यात अवघड पद कुठलं, असं मी तिला कालच विचारलं होतं. मला वाटलं, भरपूर तानांचं एखादं सांगेल.

"निरोपाचं," ती म्हणाली. "गात गात दारापर्यंत जायचं, तेवढ्यात वन्समोर येतो. मग मागे फिरून पुन्हा निघायचं. दुसऱ्यांदा सूर हलतो रे."

मी चष्मा दिला. "येते हं," ती म्हणाली. मघाशी हेच किती सहज म्हणाली होती! आता आवाज हलला.

रिक्षा दिसेनाशी झाली. मी आत येऊन तिच्या उशीखाली, कॉटखाली बघू लागलो, आणखी काही राहिलंय का.