पंचांगात नसलेलं ऊन

आमच्या गावात पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचतात आणि वाचायचं काम आमच्या घराकडे आहे. वडील होते तोवर ते वाचत. ते गेल्यावर गावाने मला धरलं. मी तालुक्याच्या गावी, कर्जतला, हायस्कुलात भूगोल शिकवतो. ग्रहांवर माझा काडीइतका विश्वास नाही, हे मी पहिल्याच वर्षी गावाला सांगून टाकलं. गाव म्हणालं, "तुमचा नसू द्या गुर्जी, तुमी नुसतं वाचा."

मग काय, वाचत आलो. संवत्सराचं नाव, यंदा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस कुणाच्या घरी मुक्कामाला आहे, मृगाचं वाहन काय. वाहन गाढव निघालं की मंडळी हमखास शेजारच्याकडे बघून हसतात. अर्ध्या तासात सगळं उरकतं. मग कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि घरी जायचं.

माझं खरं काम वेगळं होतं, निदान मी तसं समजत होतो. शाळेत हवामान बदलाच्या जनजागृतीचा कागद आला की तो माझ्याच टेबलावर येतो. मग फेरी काढा, घोषणा द्या, फोटो पाठवा. पर्यावरण वाचवा, असा भला मोठा प्लॅस्टिकचा फ्लेक्स छापून आम्ही तो कडुनिंबाच्या झाडाला खिळे ठोकून लावला आहे. एकदा एक साहेब याच विषयावर बोलायला आले. ते बोलत होते तोवर त्यांची गाडी गार राहावी म्हणून ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं. मी जाऊन बंद करायला सांगितलं, तर मुख्याध्यापकांनी मलाच बाजूला घेतलं.

तरी मी ग्रामसभेत उठून बोलायचो. म्हणायचो, बाबांनो, आपल्या लहानपणीचं ऊन आता राहिलेलं नाही. पाऊस येतो तो चार दिवसांत येऊन जातो. ऐन काढणीला गारा पडतात. कामाच्या वेळा बदला. उन्हाळ्यात अकरा ते चार रानात कुणी थांबू नका, मजुरांनाही थांबवू नका. मग चहा यायचा आणि लोक उठायचे. माझा एक वर्गमित्र होता, शेजारच्याच आळीतला, कांद्याचा शेतकरी. तो सगळ्यांदेखत म्हणायचा, "मास्तर, तू वर्गात पोरं झोपवतूस ते ठीक हाय. आमाला कशाला झोपवतूस?" लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून जळायचो. माझा राग नाकावर असतो, आणि लोक ऐकत नाहीत याचा राग तर सगळ्यात वाईट. त्यात आपण शहाणे असल्याची गुर्मी मिसळलेली असते.

मागच्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचांग चाळताना मनात आलं की वर्षातून एकदा हे गाव तोंड मिटून माझ्यासमोर बसतं. मग तिथेच का सांगू नये?

दुसऱ्या दिवशी वाचता वाचता मी पान उलटलं आणि त्याच सुरात, वडील लावायचे त्याच हेलात, मनाचं म्हणायला लागलो. "सूर्य मेषेत असता ताप अधिक. दुपारचा प्रहर मनुष्यास वर्ज्य. शेतात राबणाऱ्यांस पीडा. मनुष्यहानी संभवते."

मनुष्यहानी हा शब्द मी आधी ठरवला नव्हता. तोंडात आला, वजनदार वाटला, म्हणून ठेवला.

देवळात चिडीचूप झालं. लहान मुलंसुद्धा गप्प बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी ऐकत होतं, आणि मला फार सुख झालं. वाचन संपल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "गुर्जी, शांत करावी लागंल का?"

"शांत नको बाबा. अकरा ते चार रानात जायचं नाही, एवढंच."

"ते झालं हो. पन शांत?"

शेवटी त्यांनी आपसांत ठरवून महादेवाला अभिषेक घातला आणि गावाच्या लेखी तो विषय मिटला. घरी जाताना माझ्या वर्गमित्राने माझ्या खांद्यावर हात टाकला. म्हणाला, "आज बाकी तुझ्या बापासारखं वाचलंस." मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पुढे तीन-चार आठवड्यांनी, कांद्याची काढणी जोरात चालू असताना, एका सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप फिरला की संध्याकाळी गारपीट होणार. उपटलेला कांदा रानात पडलेला होता. तो कापायचा, गोळा करायचा, साठवणीच्या चाळीत न्यायचा. सगळं गाव रानात उतरलं. मी शाळेत पेपर तपासत होतो. खिडकीची सळई हाताला चटका देत होती, आणि मी त्यावर शेजारच्या सरांशी काहीतरी विनोदही केला. अडीचच्या सुमाराला घरून फोन आला.

माझा वर्गमित्र वाफ्यातच पडला होता. टेम्पोतल्या गोण्या खाली फेकून त्यात त्याला झोपवला आणि कर्जतला आणला. मी दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा तो टेम्पोतच होता. अंगावर कुणाची तरी साडी टाकली होती. निघताना ती विहिरीत बुचकळून टाकली होती, असं त्याचा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. साडी पार वाळली होती. मी त्याच्या हाताला हात लावला आणि पटकन मागे घेतला, इतका तो तापलेला होता. तो रस्त्यातच गेला होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. मला लोक बसायला जागा करून देत होते. एरवी रामराम न घालणारी माणसं वाकून नमस्कार करत होती. "गुर्जींनी पाडव्यालाच सांगितलं हुतं," हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकलं असेल! शेवटी मला सहन होईना. त्या म्हाताऱ्या बाबांना मी झाडाखाली बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "बाबा, ते पंचांगात नव्हतं. मी माझ्या मनाचं घातलं होतं."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मंग खरं कसं झालं?"

ते माझ्या पाया पडले. चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारा मी, एका म्हाताऱ्यापुढे गप्प झालो. आणि हेही लिहिलंच पाहिजे की त्या गप्प बसण्यात थोडं बरंही वाटत होतं. आपला मित्र गेला आहे आणि आपला मान वाढला आहे, या दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्याची शरम मला आजही वाटते.

त्याहून वाईट पुढेच होतं. मला वाटलं होतं, आता तरी लोक दुपारी घरी थांबतील. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर बारा वाजता, सगळी रानं माणसांनी भरलेली. रस्त्यात एकाला मी गाडी थांबवून विचारलं, की अहो, ऊन दिसत नाही का? तो अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "एकाचं जायचं हुतं ना गुर्जी, त्यो गेला. आता भ्या न्हाई."

म्हणजे माझ्या त्या एका शब्दाचा गावाने असा हिशेब लावला होता. मनुष्यहानी सांगितली होती, ती झाली, संकट फिटलं. मी भीती घातली होती ती त्यांनी सावध व्हावं म्हणून. त्यांनी ती नशिबात जमा केली, आणि नशिबापुढे माणूस काय करणार? ती वाट मीच त्यांना दाखवली होती. ग्रामसभेतलं माझं बोलणं रटाळ असेल, पण त्यात निदान त्यांच्या हातात काहीतरी होतं. देवळातल्या बोलण्याने मी तेही काढून घेतलं. तरी मी गप्पच राहिलो. वर्षभर.

यंदाच्या पाडव्याला चार दिवस राहिले असताना माझ्या त्या वर्गमित्राची बायको आमच्या घरी आली. ती कधी उंबऱ्याच्या आत येत नसे, त्या दिवशी येऊन जमिनीवर बसली. पदराखालून नारळ काढून माझ्यासमोर ठेवला.

"गुर्जी, नवं पंचांग आलं का?"

"आलंय वहिनी."

"मंग बघून सांगा. आवंदा कोनाचं हाय?"

मला क्षणभर कळलंच नाही. ती म्हणाली, "देवळात सांगू नका. आदी मला सांगा. पोरगं एकटंच रान करतंय आता. त्याचं नसंल तर जाऊ द्या. त्याचं असंल तर मी त्याला मामाकडं धाडते."

तिचा मुलगा पंचविशीचा, धडधाकट. बापाच्या जागी तोच रानात उतरला होता, आणि बापासारखाच दुपारचा घरी येत नव्हता. "यंदा काही नाही" म्हणालो असतो, तर ती समाधानाने उठली असती आणि मुलगा बारा वाजता वाफ्यात असता. "आहे" म्हणालो असतो, तर मुलगा मामाच्या रानात बारा वाजता असता. ऊन तिथेही तेच. आणि खरं काय ते सांगितलं, तर तिचा नवरा उगाच गेला, हेही तिला सांगावं लागणार होतं. वर्षभर ती कशावर उभी होती ते मला दिसत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "पंचांगात कुणाचंच नाव नसतं. मागच्या वर्षीही नव्हतं. उन्हाचं ते सगळं मी माझ्या मनाने म्हटलं होतं. लोक ऐकत नाहीत म्हणून."

"म्हंजी लिव्हलेलं नव्हतं?"

"नाही."

"मंग टळलं असतं?"

"सावलीत आणला असता, पाणी दिलं असतं, तर बहुतेक वाचला असता. अकराच्या आत घरी आला असता, तर पडलाच नसता."

माझ्या बायकोने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला होता. तिने तो हळूच बाजूला सरकवला. मग तिने असं काही सांगितलं, जे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"बारा वाजता मी भाकरी घिऊन गेल्ते. ते म्हनले, डोकं गरगरतंय, पडतो जरा झाडाखाली. मी म्हनले, दोनच वाफं राहिल्यात. आभाळ यायच्या आत उरका, मंग झोपा." ती थांबली. "वर्सभर मी मनाला सांगत हुते, मी काय केलं त्यात? पंचांगातच हुतं."

मला त्या क्षणी वाटलं की सगळं परत घ्यावं. म्हणावं, वहिनी, चुकलं माझं, होतं हो, लिहिलेलं होतं. जिभेवर आलं होतं. मी दात आवळून बसलो. ती रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पोराला किती वाजता घरी आनू?" तिने विचारलं.

"अकराच्या आत. चारपर्यंत सोडू नका. काहीही झालं तरी."

ती उठली. नारळ परत घेतला नाही. दारात वळून म्हणाली, "असं आदीच का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं की, ग्रामसभेत, दर वर्षी. पण तिथे बायका कुठे असतात? त्या मागे भिंतीला टेकून दोन मिनिटं उभ्या राहतात आणि स्वयंपाकाला जातात. तिच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, या आवाजात मी कधीच सांगितलं नव्हतं. मला सगळं गाव एकदम हवं होतं.

पाडव्याला देवळात मी पंचांग उघडलंच नाही. मागच्या वर्षी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, उन्हाचं साध्या भाषेत सांगितलं आणि माफी मागितली. थोडी कुजबूज झाली. मग कुणीतरी म्हणालं, "गुर्जी, सनासुदीला हे कशाला?" पुढच्या वर्षी वाचायला बाहेरून कुणाला तरी आणायचं ठरलं आहे. ठरू दे.

यंदाच्या काढणीत ती रोज अकराला बांधावर येऊन उभी राहायची आणि मुलाला हाक मारायची. तो ओरडायचा, आई, लोक हसत्यात. ती हलायची नाही. तो येईपर्यंत उन्हात तीच उभी. शेवटी त्याला यावंच लागायचं. मग एका दुपारी मोबाईलवर पुन्हा तोच निरोप आला. इतर रानांत माणसं धावत होती. हिने मुलाला घरात घेऊन दाराला आतून कडी लावली आणि दारातच बसली. चारला त्याला सोडलं. साडेचारला गारा आल्या. त्यांचा निम्म्याहून जास्त कांदा रानातच झोडपला गेला. गावात म्हणायला लागले, गुर्जींच्या नादी लागून बाईनं कांदा घालवला.

आठवड्याने मी त्यांच्या खळ्यावर गेलो. जायचं धाडस होत नव्हतं. मायलेक सडका कांदा वेगळा काढत बसले होते. वास नाकात जात होता. मुलाने माझ्याकडे पाहून मान फिरवली, आणि त्याचा राग मला समजत होता. मी शेजारी बसलो आणि मऊ पडलेले कांदे निवडायला लागलो. मग ती बोलली. मान वर न करता, कांदा चाचपत.

"गेल्या साली एक कांदा भिजला नव्हता गुर्जी. सगळा चाळीत गेल्ता."