फोगाच्या मुळ्या

मार्चमध्ये आमची पायदळाची कंपनी पश्चिम राजस्थानातल्या एका युद्धसरावाच्या एरियात उतरली. मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. माझं गाव वडूजजवळ. खटावच्या माळावर वाढलेल्या माणसाला कोरड्या मुलखाबद्दल कुणी काही शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता.

माझा टूआयसी, म्हणजे माझ्या हाताखालचा दुसरा, नायक शिवाप्पा कोळेकर, जत तालुक्यातला. घरी मेंढरं. भरती होईपर्यंत बापामागे रानोमाळ हिंडलेला. नव्या जागी गेला की आधी तिथलं गवत, झुडपं बघायचा.

आम्हाला मिळालेल्या वाळूच्या टेकडीवर कमरेएवढी झुडपं होती. पानं नाहीतच, नुसत्या हिरव्या काड्या, जुन्या झालेल्या खराट्यासारख्या. पण त्या काड्यांवर बारीक गुलाबी फुलं गच्च लागली होती आणि सकाळी सातपासून मधमाश्यांचा आवाज चालू असायचा. उंट शोधत आलेल्या एका म्हाताऱ्यानं शिवाप्पाला नाव सांगितलं : फोग. त्याच्या तरुणपणी चौफेर फोगच होता. लोकांनी कोळशासाठी मुळ्या खणून नेल्या. आता आसपास एवढी एकच टेकडी उरली होती. ही फुलं ते दह्यात घालून खातात, असंही त्यानं सांगितलं. शिवाप्पानं लगेच चार फुलं तोंडात टाकली.

"कशी हायत?" मी विचारलं.

"आंबूस लागत्यात, उस्ताद."

तिसऱ्या दिवशी एलएमजीचा मोर्चा, म्हणजे मशीनगनसाठी खंदक, खणायचा होता. जागा मी ठरवली, टेकडीच्या माथ्याच्या जरा खाली. समोरच्या झुडपांनी फायरची लाइन अडत होती आणि मागच्या उतारावरच्या मुळ्या खणताना आडव्या येत होत्या. मी सगळी उपटायला सांगितली.

शिवाप्पा जवळ आला. जवानांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

"उस्ताद, म्होरली काढू. मागली ऱ्हाऊ द्या. ह्येंच्या मुळ्या लय लांब जात्यात. वाळू त्यांनीच धरलीया."

"पाचला प्लॅटून कमांडर बघायला येणार हायत. काढ."

मागच्या उतारावरची चार झुडपं निघाली. एकेक मुळी वीस-पंचवीस फूट ओढावी लागली. ती निघाली तिथं वाळू नुसती पिठासारखी झाली. शिवाप्पा पुन्हा आला.

"उस्ताद, वाळूच्या पिशव्या येऊस्तोवर तरी थांबू. मागलं भिताड उभं ऱ्हायचं न्हाई."

पिशव्यांची गाडी दोन तास लेट होती. मी म्हणालो, "कोळेकर, ऑर्डर हाय."

"जी, उस्ताद," म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः खाली उतरला.

दुपारी १४१० ला मोर्चा छातीएवढा खोल झाला होता. वारा सुटला होता. मी जवानांना पाणी प्यायला वर बोलावलं. तिघं वर आले. शिवाप्पा फावडं काढायला वाकला.

वाळूचा आवाज होत नाही. मागचा उतार सरकला आणि मोर्चा भरला. क्षणापूर्वी खड्डा होता, तिथं आता सपाट वाळू होती. तिघं जवान पाण्याच्या बाटल्या हातात धरून तिकडे बघत उभे. मीही उभाच. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही.

मग आम्ही हातांनी उपसायला लागलो. फावडं त्याला लागलं असतं. एक ओंजळ काढली की दोन आत येत होत्या. मी रेडिओ उचलला.

"टायगर फॉर टायगर वन. कॅज्युअल्टी वन. रेत में दबा है. नर्सिंग असिस्टंट भेजो. ओव्हर."

"टायगर वन, जिंदा है? ओव्हर."

मी बटण दाबून धरलं होतं. मग ते सोडलं आणि पुन्हा उपसायला लागलो.

१४२६ ला त्याचा हात लागला. बाहेर काढला तेव्हा नाकातोंडात वाळू होती. नर्सिंग असिस्टंटनं पस्तीस मिनिटं छाती दाबली, मग घड्याळ बघितलं. उपटलेली झुडपं बाजूला पडली होती आणि मधमाश्या अजून त्यांच्या फुलांवर बसत होत्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे रेकॉर्डवर कडक ताकीद, मिळाली. पण त्याआधी बॉडीबरोबर जतला मीच गेलो. तसं मी मागून घेतलं होतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या वडिलांनी मला बाजूला बसवलं.

"तुमी हुता तिथं?"

"व्हय, अण्णा. खणायचा हुकूम माझाच हुता. झाडंबी मीच काढाय लावली."

त्यांच्या हातात काठी होती. ते मारतील तर बरं, असं मला वाटत होतं.

"त्यो काय बोलला का न्हाई तुमाला?"

"दोनदा बोलला."

त्यांची मान हलली. "वाळू धरणारं झाड त्येला कळायचं. भिऊन गप बसला का काय, ह्योच घोर लागला हुता मला."

 भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

रिटायर होऊन मी आता वडूजला असतो. सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात, शौर्यावर बोला म्हणतात. मी गोळीबाराचं सांगत नाही. नायक शिवाप्पा कोळेकर, वय एकतीस, तालुका जत, एवढं सांगतो. आपल्या हवालदाराला त्यानं दोन वेळा अडवलं, आणि हवालदारानं ऐकलं नाही तेव्हा जवानांच्या आधी तो स्वतः खाली उतरला. तो हवालदार मी, हेही सांगतो. मग खाली बसतो.